दोन स्तंभांच्या पानावर रुंद तक्ते आणि आकृत्या: लाटेकचे परीक्षण, सोलापूरच्या एका जिल्हा-पुस्तिकेच्या कामावरून

सोलापुरात छापल्या जाणाऱ्या जिल्हा-माहितीच्या पुस्तिका, सहकारी संस्थांचे अहवाल आणि महाविद्यालयांचे निबंधसंग्रह पाहिले, तर बहुतेकांत एकच अडचण दिसते. मजकूर ए४ आकाराच्या पानावर दोन स्तंभांत लावलेला असतो आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे तक्ते व नकाशे नेमके एका स्तंभात मावत नाहीत. मग तक्ता दाबून बसवला जातो, किंवा त्याचे चित्र करून कुठेतरी चिकटवले जाते, आणि आकडे वाचण्यासाठी वाचकाला भिंग शोधावे लागते. जिल्ह्याची ओळख करून देणाऱ्या अशाच एका पुस्तिकेची पाने मी लाटेकमध्ये लावली. हे परीक्षण त्या कामावर आधारलेले आहे आणि लाटेकच्या इतर गुणदोषांत न शिरता ते एकाच प्रश्नापुरते मर्यादित आहे: दोन्ही स्तंभ व्यापणारा तक्ता किंवा आकृती हे साधन कशी हाताळते?

ज्यांनी लाटेक वापरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ साली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारले. ते मोफत आहे. पान डोळ्यांसमोर ठेवून हाताने वस्तू सरकवण्याऐवजी त्यात मजकूर आणि आज्ञा लिहायच्या असतात व पानाची मांडणी संगणक करतो. मराठीसाठी त्याचे झीलाटेक हे रूप वापरावे, कारण ते युनिकोड फॉन्ट थेट घेते आणि जोडाक्षरे, रफार, वेलांट्या यथास्थित बसवते.

साधनाकडे वळण्यापूर्वी पानाचे माप पाहणे आवश्यक आहे. ए४ पानाची रुंदी २१० मिलीमीटर असते. दोन्ही बाजूंना २० मिलीमीटर समास सोडला, तर मजकुरासाठी १७० मिलीमीटर उरतात आणि दोन स्तंभांमध्ये ६ मिलीमीटरची फट ठेवली, तर प्रत्येक स्तंभ ८२ मिलीमीटरचा होतो. आता सोलापूर जिल्ह्यातले ११ तालुके घ्या: उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला आणि माळशिरस. ही नावे तक्त्याच्या वरच्या ओळीत रकान्यांची शीर्षके म्हणून घातली आणि डावीकडे वर्षांचा रकाना ठेवला, की १२ रकाने होतात. ८२ मिलीमीटरच्या स्तंभात प्रत्येक रकान्याच्या वाट्याला ७ मिलीमीटरसुद्धा येत नाहीत. ‘मंगळवेढा’ हा शब्द ९ पॉइंटांत त्यात बसणे शक्य नाही.

म्हणून पहिला निर्णय संगणकाने नव्हे, संपादकाने घ्यायचा असतो. हाच तक्ता फिरवून तालुक्यांची नावे डावीकडे एकाखाली एक घेतली आणि चार वर्षांचे चार रकाने केले, तर ११ ओळींचा तक्ता एका स्तंभात सुखाने बसतो आणि वाचायलाही सोपा होतो, कारण तालुक्यातालुक्यांतली तुलना करताना नजर वरून खाली सरकते. रुंद वाटणाऱ्या तक्त्यांपैकी बरेच तक्ते प्रत्यक्षात आडवे मांडल्यामुळेच रुंद झालेले असतात. पुस्तिकेत ज्वारी, डाळिंब आणि ऊस यांच्या क्षेत्राचे तक्ते मी असेच फिरवून घेतले. मात्र पीक, हंगाम, सिंचनाचा प्रकार आणि तालुका या चारही गोष्टी एकत्र दाखवणारा तक्ता कसाही फिरवला तरी रुंदच राहतो, आणि लाटेकची खरी परीक्षा तिथे सुरू होते.

लाटेकमध्ये असा तक्ता दोन्ही स्तंभांवर पसरवण्यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. ‘टेबल’ आणि ‘फिगर’ या नेहमीच्या आज्ञांच्या नावांपुढे एक तारा (*) लावायचा, की तो तक्ता किंवा ती आकृती पूर्ण १७० मिलीमीटर रुंदीची होते. सोय इतकी साधी आहे की पहिल्यांदा वापरणाऱ्याला हायसे वाटते. रकान्यांची रुंदी हाताने मोजत बसू नये म्हणून ‘टॅब्युलरएक्स’ हे जोडसाधन (लाटेकला जोडून घ्यायचे पूरक पॅकेज) घ्यावे. एकूण रुंदी सांगितली की लांब मजकुराचे रकाने ते आपोआप वाटून देते आणि मजकूर दुसऱ्या ओळीवर आणते.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण रुंद तक्त्यांची निम्मी भांडणे त्याच्यामुळे होतात. लाटेक प्रत्येक रकान्याच्या दोन्ही बाजूंना मुळात ६ पॉइंटांची मोकळी जागा सोडते. १२ रकान्यांच्या तक्त्यात ही जागा १४४ पॉइंट, म्हणजे जवळजवळ ५१ मिलीमीटर होते. १७० मिलीमीटरांपैकी ५१ मिलीमीटर कोऱ्या जागेतच गेले, तर मजकुरासाठी दर रकान्याला सुमारे १० मिलीमीटर उरतात. ही मोकळी जागा ३ पॉइंटांवर आणली, की दर रकान्याला सुमारे १२ मिलीमीटर मिळतात आणि अक्षरांचा आकार कमी न करता तक्ता बसतो. सोबत उभ्या रेषा काढून टाकाव्यात आणि ‘बुकटॅब्स’ या जोडसाधनाच्या तीन आडव्या रेषांवर काम भागवावे. छापखान्यात चौकटी असलेल्या तक्त्याचा आग्रह धरला जातो, पण रकाने नीट जुळलेले असतील, तर उभ्या रेषांवाचून काहीही अडत नाही.

याउलट ज्या मार्गाची मी कोणालाही शिफारस करणार नाही, तो म्हणजे तयार तक्ता ताणून किंवा आकसून दिलेल्या रुंदीत बसवणारी आज्ञा. तिची मोहिनी मोठी आहे, कारण एका ओळीत प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. पण मूळ तक्ता २५० मिलीमीटरचा असेल आणि तो १७० मध्ये कोंबला, तर १० पॉइंटांचे अक्षर ६.८ पॉइंटांवर येते. तोच एका स्तंभात कोंबला, तर अक्षर ३.३ पॉइंटांचे होते. रोमन लिपीत बारीक अक्षर काही प्रमाणात तग धरते. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि उकार हेच आधी शाईत बुजतात, आणि ‘३’ आणि ‘२’ यांतला फरक शोधावा लागतो. शिवाय प्रत्येक तक्ता वेगळ्या प्रमाणात आकसला जात असल्यामुळे एकाच पुस्तिकेत पाच आकारांची अक्षरे दिसतात. शहरातल्या एका छापखान्याने तर माझा तक्ता परस्पर चित्रात रूपांतरित करून पानावर बसवला होता आणि प्रूफ पाहताना ‘सर, दिसायला तर तसाच आहे,’ असे सांगितले होते. छापल्यावर मात्र त्यातली अक्षरे कडेने फुटलेली दिसली. तक्ता हा मजकूर आहे आणि तो शेवटपर्यंत मजकूरच राहिला पाहिजे, याबाबत तडजोड करू नये.

तारा लावलेला तक्ता लाटेक कुठे ठेवते, हा या साधनाचा सर्वांत वादग्रस्त भाग आहे. नियम असा, की दोन स्तंभांच्या मांडणीत असा तक्ता फक्त पानाच्या माथ्यावर येतो, किंवा केवळ तक्ते-आकृत्यांसाठी राखलेल्या स्वतंत्र पानावर जातो. ‘इथेच ठेव’ ही सूचना दिली तरी ती मानली जात नाही. नवशिक्यांना हा हट्टीपणा वाटतो. मला तो योग्य निर्णय वाटतो, आणि त्याचे कारण वाचकाच्या नजरेत आहे. पानाच्या मध्यभागी पूर्ण रुंदीचा तक्ता आला, की दोन्ही स्तंभ वर आणि खाली अशा चार तुकड्यांत विभागले जातात. डाव्या वरच्या तुकड्यानंतर नजर कुठे न्यायची, तक्त्याखाली डावीकडे की शेजारी उजवीकडे, हे वाचकाला कोणी सांगत नाही. वर्डमध्ये अखंड विभागखंड (कंटिन्युअस सेक्शन ब्रेक) घालून मध्येच एक स्तंभ करणारे लोक हीच मांडणी निर्माण करतात. तिथे वरचे दोन्ही स्तंभ एकसारख्या उंचीचे होतात, वाचनाचा क्रम बदलतो, आणि मजकुरात चार ओळी वाढल्या की सगळे पान विस्कटते. वर्डमध्ये काम करायचेच असेल, तर तक्ता मजकूरपेटीत घालून ती पानाच्या वरच्या समासाला बांधावी. एखाद-दुसऱ्या तक्त्यापुरता तो उपाय चालतो.

म्हणून ‘माथ्यावरच’ या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या मर्यादेबद्दल. आज्ञा ज्या पानावर लिहिली आहे त्याच पानाच्या माथ्यावर लाटेक तो तक्ता ठेवू शकत नाही; लवकरात लवकर तो पुढच्या पानावर येतो. कारण तांत्रिक आहे: आज्ञा वाचली जाते तोपर्यंत चालू पानाची रचना सुरू झालेली असते आणि मागे जाऊन डावा स्तंभ खाली ढकलण्याची व्यवस्था या जुन्या रचनेत नाही. परिणाम असा, की उजनी धरणाच्या पाण्याविषयीचा परिच्छेद उजव्या पानावर आणि त्याचा तक्ता पान उलटल्यावर, अशी स्थिती सहज येते. उपाय आहे, पण तो हाताने करावा लागतो: तक्त्याची आज्ञा मजकुरातल्या उल्लेखापेक्षा एक पान आधी लिहावी. अडचण अशी, की प्रुफात एखादा परिच्छेद कापला की पाने सरकतात आणि आधी हलवलेल्या आज्ञा चुकीच्या पानांवर जातात. म्हणून हे काम सर्व दुरुस्त्या संपल्यावर, छपाईला पाठवण्याच्या अगदी आधी करावे. तोपर्यंत ‘खालील तक्त्यात’ असे शब्द मजकुरात ठेवू नयेत. ‘तक्ता ७ मध्ये’ असे क्रमांकानेच लिहावे आणि तो क्रमांक लाटेककडून आपोआप घालून घ्यावा. ही क्रमांकांची व्यवस्था निर्दोष आहे. तक्ते कितीही हलवले, मध्ये नवे घातले, तरी मजकुरातला एकही क्रमांक चुकला नाही.

दुसरी अडचण उंचीची. दोन्ही स्तंभ व्यापणारे तक्ते पानाच्या माथ्यावर ठेवताना लाटेक मुळात पानाच्या ७० टक्क्यांपर्यंतच उंची त्यांना देते. एखादा तक्ता त्याहून थोडासा उंच असेल आणि त्याला फक्त माथ्याचीच परवानगी दिलेली असेल, तर तो कुठेच बसत नाही आणि पुढे ढकलला जातो. क्रमांकांचा क्रम मोडायचा नसल्यामुळे त्याच्या मागचे सगळे तक्तेही थांबून राहतात; कुर्डुवाडीला एखादी मालगाडी उभी राहिली की मागच्या गाड्या जशा खोळंबतात, तसेच हे होते. शेवटी प्रकरण संपल्यावर सगळे तक्ते एकदम बाहेर पडतात. ज्याला ही मर्यादा माहीत नाही तो लाटेकला दोष देत बसतो. माथ्याच्या परवानगीबरोबर स्वतंत्र पानाचीही परवानगी द्यावी, किंवा ती ७० टक्क्यांची मर्यादा ९० वर न्यावी, म्हणजे अडलेली रांग मोकळी होते. हे माहिती-पुस्तकांत लिहिलेले आहे, पण ते ठळकपणे सांगितले जात नाही, ही माझी नाराजी आहे.

पानाच्या तळाशी रुंद तक्ता हवा असेल तर ‘एसटीफ्लोट्स’ किंवा ‘डीबीएलफ्लोटफिक्स’ ही जोडसाधने आहेत. त्यांनी तळाची सोय होते, मात्र ‘पुढच्या पानापासून’ ही अट तशीच राहते. पूर्वी आणखी एक दोष होता: एका स्तंभाची आकृती ५ ही दोन स्तंभांच्या आकृती ४ च्या आधी छापली जाऊ शकत असे. २०१५ च्या आवृत्तीपासून ही दुरुस्ती लाटेकच्या गाभ्यातच आली आहे. कोणाच्या संगणकावर त्याआधीची आवृत्ती असेल, तर ती बदलण्यासाठी एवढे एकच कारण पुरेसे आहे.

आकृत्यांबाबत अनुभव तक्त्यांपेक्षा चांगला आला. भीमेच्या प्रवाहाचा एक आडवा नकाशा पुस्तिकेत आहे: डावीकडे उजनी, मग नीरा नरसिंहपूरचा संगम, पंढरपूर आणि उजवीकडे सीना जिथे भीमेला मिळते ते हत्तरसंग कुडल. त्याची रुंदी उंचीच्या तिप्पट आहे. १७० मिलीमीटर रुंदीवर तो जेमतेम ५७ मिलीमीटर उंच होतो, म्हणजे पानाच्या माथ्यावर एका पट्ट्यासारखा बसतो आणि खाली दोन्ही स्तंभांना भरपूर जागा उरते. रुंद आणि बुटकी आकृती हा लाटेकच्या नियमाला सर्वांत मानवणारा आकार आहे. तोच नकाशा एका स्तंभात घातला असता, तर ८ पॉइंटांची गावांची नावे ४ पॉइंटांच्याही खाली गेली असती. म्हणून नकाशा काढणाऱ्याला छापील रुंदी आधीच सांगावी आणि त्याने त्याच मापावर अक्षरे घालावीत. पानावर आणल्यानंतर आकार बदलू नये. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड नक्षीचे छायाचित्र मात्र मी दोन स्तंभांवर पसरवले नाही. नक्षी एका बुट्ट्याच्या पुनरावृत्तीने बनते आणि ८२ मिलीमीटरमध्ये तो बुट्टा धाग्यासकट स्पष्ट दिसतो. मोठी जागा मिळते आहे म्हणून चित्र मोठे करणे हा जागेचा अपव्यय आहे.

काही तक्ते रुंद नसतात, लांब असतात. श्री सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीने ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. त्या ६८ लिंगांची स्थाने देणारा तक्ता तीनच रकान्यांचा, पण ६८ ओळींचा आहे. त्याला एक स्तंभ पुरतो, फक्त तो एका स्तंभाच्या तळाशी तुटून पुढच्या स्तंभात सुरू राहिला पाहिजे. लांब तक्त्यांसाठी प्रसिद्ध असलेले ‘लाँगटेबल’ इथे सपशेल नकार देते. दोन स्तंभांच्या मांडणीत ते चालतच नाही आणि चूक दाखवून थांबते. ‘सुपरटॅब्युलर’ हे जुने जोडसाधन मात्र काम करते आणि प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर शीर्षकाची ओळ पुन्हा छापते. तक्ता तोडण्याची जागा ते अंदाजाने ठरवते, त्यामुळे एखादी ओळ इकडेतिकडे होते. इतक्या वर्षांनंतरही या गरजेला सरळ उत्तर नसणे हे लाटेकचे उणेपण आहे, असे मी स्पष्टपणे नोंदवतो.

तक्ता पूर्ण रुंदीतही मावत नसेल, तर ‘रोटेटिंग’ या जोडसाधनाने तो ९० अंशांत फिरवून स्वतंत्र पानावर घालता येतो. वाचकाला पुस्तिका आडवी धरावी लागते, म्हणून हा उपाय परिशिष्टापुरताच ठेवावा.

प्रत्येक लेखाचे शेवटचे पान दोन्ही स्तंभ समान उंचीचे करून संपवावे अशी संपादकांची इच्छा असेल, तर ‘मल्टीकॉल’ हे जोडसाधन वापरता येते. त्यात तारा लावलेले रुंद तक्ते चालतात, परंतु एका स्तंभाच्या तरंगत्या आकृत्या, म्हणजे ज्यांची जागा लाटेक स्वतः ठरवते अशा, चालत नाहीत. लाटेक तशी सूचना देते आणि त्या आकृत्या गाळते. ज्या पुस्तिकेत दोन्ही प्रकार आहेत तिच्यासाठी मूळ दोन स्तंभांची मांडणीच बरी. शेवटच्या पानाबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी: लेखाच्या अखेरच्या परिच्छेदाजवळ रुंद तक्त्याची आज्ञा लिहिली, तर मजकूर संपल्यावर तो तक्ता एकटाच नव्या पानावर येतो. अहवालात असे एकाकी पान वाईट दिसते आणि छपाईचा खर्चही वाढवते.

गेल्या काही वर्षांत टिप्स्ट हे नवे मोफत साधन आले आहे. ते २०२३ साली सर्वांसाठी खुले झाले आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या ०.१२ या आवृत्तीपासून त्यात दोन्ही स्तंभ व्यापणाऱ्या तरंगत्या आकृत्यांची सोय झाली. लाटेकची ‘पुढचे पान’ ही अट त्यात नाही. ज्या पानावर उल्लेख आहे त्याच पानाच्या माथ्यावर किंवा तळाशी तक्ता ठेवण्यासाठी ते पान पुन्हा रचते. आज्ञा सुटसुटीत आहेत, चुकांचे संदेश समजण्याजोगे आहेत आणि पान क्षणात तयार होते. ज्यांनी अजून कोणतेच साधन शिकलेले नाही आणि ज्यांच्या अहवालात पाच-सहा रुंद तक्ते आहेत, त्यांनी टिप्स्टपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. दीर्घ परंपरेच्या संशोधनपत्रिका, जिथे संपादक लाटेकचाच आराखडा देतात, किंवा शंभर तक्त्यांचा ग्रंथ, जिथे जोडसाधनांचा मोठा साठा हाताशी हवा, तिथे लाटेकच घ्यावे. वरच्या मर्यादा माहीत असतील, तर ते भरवशाचे आहे आणि वर्षभराने तीच फाईल उघडली तरी मांडणी तशीच मिळते.

छापखान्याला देताना पीडीएफ द्यावी आणि ती कोरलड्रॉमध्ये उघडून दुरुस्त करू नये असे लेखी सांगावे, कारण तिथे देवनागरी जोडाक्षरे सुटी होण्याचा धोका असतो. दुरुस्ती असेल तर ती मूळ फाईलमध्ये करून नवी पीडीएफ पाठवावी. ज्या फॉन्टमध्ये देवनागरी अंकांची रुंदी सारखी नसते, तो तक्त्यांसाठी निवडू नये, अन्यथा ‘१’ असलेल्या ओळीत आकडे डावी-उजवीकडे सरकतात आणि बेरजेचा रकाना वाकडा दिसतो. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत नंदीध्वजांच्या मार्गाचा नकाशा घालायचा आहे. तो १७० मिलीमीटर रुंद आणि ९० मिलीमीटरपेक्षा कमी उंच काढून द्यावा, एवढी एकच अट मी चित्रकाराला घातली आहे.